लोखंडकामाचे तास



खामगाव, मलकापूर किंवा चिखली येथील रस्त्याने सायंकाळी जाताना लोखंडकामाच्या एखाद्या दुकानापुढे वेल्डिंगचा निळा प्रकाश लखलखताना आपण पाहिला असेल. खिडकीची जाळी, अंगणाचे फाटक, गुदामाच्या छपराची कैची ही तेथील कामे. तो प्रकाश किती वाजता विझावयाचा हे कोण ठरवितो, एवढाच प्रश्न आज मला आपणांपुढे मांडावयाचा आहे.

कामाच्या तासांचा हा प्रश्न आपल्याकडे नवा नव्हे. वऱ्हाडातील सरकी काढण्याचे कारखाने हंगामी. १९३४ च्या कायद्याने हंगामी कारखान्यांस आठवड्याला ६० तासांची मुभा दिली, तर बारमाही कारखान्यांस ५४ तासांची. १९४८ च्या कायद्याने प्रौढ कामगारास आठवड्याला ४८ व दिवसाला ९ तास ही मर्यादा घातली. परदेशांत पाऊल याहून पुढे पडले. फ्रान्सने १९३६ साली ४० तासांचा आठवडा केला व २००० साली मोठ्या आस्थापनांत तो ३५ तासांवर आणला. जर्मनीतील धातुकामगारांनी १९८४ साली ३५ तासांसाठी मोठा संप केला. देशाच्या पश्चिम भागात १९९५ साली ते तास त्यांच्या पदरी पडले.

परंतु एक मिस्त्री व तीन मदतनीस एवढ्यावर चालणारे दुकान कायद्याच्या दृष्टीने कारखानाच नव्हे. १९४८ च्या कायद्यात, यंत्रशक्ती वापरली तरी, निदान दहा कामगार असावे लागत. लहान दुकाने आजही त्या व्याख्येबाहेर आहेत.

याचा परिणाम केवळ कामगाराच्या शरीरावर होतो असे नाही. थकलेला हात डोळ्यांपुढे काच धरण्यास क्षणभर चुकतो, आणि रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. सांध्यावरचे कवच नीट न झाडता दुसरा थर चढविला, तर जोड बाहेरून भरलेला दिसतो व आतून कच्चा राहतो. त्याच जोडावर छपराचा भार असतो.

मग तेथे तास ठरवितो कोण? बहुधा आपणच. "परवा वास्तुशांत आहे, फाटक उद्याच हवे," असे आपण सांगतो, आणि मिस्त्री गिऱ्हाईक जाईल या भीतीने होय म्हणतो. काम आठ दिवस आधी सांगावे, विसार त्याच वेळी द्यावा, आणि रात्रीचे काम अटळच असेल तर जादा मजुरी मदतनिसाच्या हाती पडते की नाही हे विचारावे. कायदा जेथे पोहोचत नाही तेथे गिऱ्हाइकाला एवढे सहज करता येईल.