पलटणीतली नोकरी आणि घरच्या बाईचे म्हणणे



आजचा विषय घरातलाच आहे. पण घरात तो कोणी नीट बोलत नाही. नवरा फौजेत आहे. नोकरी अजून वाढवावी असे त्याच्या मनात आहे. बायको म्हणते, "आता पुरे." किंवा काहीच म्हणत नाही, नुसती गप्प राहते. मग काय करायचे? पलटण धरायची की घर धरायचे?

आपल्या सातारा, सांगली, कोल्हापूर या मुलखाला हा प्रश्न नवा नाही. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. त्या युद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले. त्यांचे स्मारक गावात आहे. आजही तिथली पोरे भरतीला जातात. गावाला त्याचा अभिमान आहे आणि तो खरा आहे. पण स्मारकावर गेलेल्या माणसांचा आकडा असतो. मागे राहून ज्या बायांनी जन्म काढला, त्यांचा आकडा कुठे कोरत नाहीत.

त्या बायांना त्या वेळी कोणी विचारले असेल, असे आम्हाला वाटत नाही. थोरल्यांनी ठरवले, पोरगा निघाला. सुनेला कळायचे ते बोचके बांधताना. पुढे पत्र आले, तर ते वाचायला मास्तरांकडे किंवा पोस्टमनकडे जायचे. उत्तरही त्यांनीच लिहायचे. दुसऱ्याच्या हाताने पत्र लिहिताना बाई मनातले काय सांगणार? "इकडील सर्व खुशाल आहे. तिकडील खुशाली कळवावी." झाले पत्र! सासू अंथरुणाला खिळलेली असो, भावकीने विहिरीचे पाणी अडवलेले असो, पत्रात सर्व खुशाल.

आता फोन आले. पण बर्फातल्या चौकीवर फोन लागेल तेव्हा लागेल. लागला तरी घरात सासरे बसलेले, पोर हातातून फोन ओढते, शेजारीण दारात उभी. "बरं आहे ना?" "बरं आहे." संपले बोलणे. म्हणजे पत्रातली खुशालीच आता फोनवर आली, इतकेच.

आमच्या ओळखीचे एक जोडपे आहे. त्यांची नावे नकोत. नवरा पलटणीत नाईक. त्याची सोळा वर्षे नोकरी झालेली. आता जुन्या भरतीच्या शिपायाचा नियम असा, की पंधरा वर्षे पुरी झाली की पेन्शन लागू होते. पुढे मुदत संपायच्या आधी घरी यायचे असेल, तर तसा अर्ज करता येतो. मंजूर करणे वरच्यांच्या हाती. आणि राहायचे असेल, तर नाईकाला त्याच्या हुद्द्याच्या मुदतीपर्यंत राहता येते. हवालदार झाला, तर त्याहून जास्त.

नाईक सुट्टीवर आला. त्याच्या मनात हवालदारीची फीत होती. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, "अगं, झालंय काय? गोळीला भ्यालीस होय? इतकी वर्षं काही झालं नाही, आताच काय होतंय?"

ती म्हणाली, "गोळीचं नंतर बघू. आधी माझं सगळं ऐकून घेता का?"

मग ती बोलायला लागली. सासूबाईंना रात्री दोनदा उठवून बाहेर न्यावे लागते. शेतीची वीज कधी कधी रात्रीच येते. तेव्हा उसाला पाणी द्यायला एकटीने अंधारात जावे लागते. पायाखाली साप आहे की विंचू, कळत नाही. मोटर चालू करून परत येईस्तोवर म्हातारी हाका मारत असते. थोरला मुलगा नववीत आहे. आता तो आईचे ऐकत नाही. संध्याकाळी पारावर बसतो, आणि कोणाबरोबर बसतो तेही बरे नाही. पगार सासऱ्यांच्या हाती जातो. सासरे वाईट नाहीत, पण वहीपेन्सिलीला दहा रुपये लागले तरी मागावे लागतात. नवऱ्याचा पगार आहे, पण हात पसरायची सवय सुटली नाही. आणि मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला काही झालं, तर मी या घरात कोण?"

नाईक गप्प बसला. बायको फक्त गोळीला भिते, असे तो समजत होता. पण तिने सांगितलेल्या गोष्टींत गोळी आली ती शेवटी, आणि तीही अर्धीच. बाकी सगळे रात्रीचे पाणी, म्हातारीचे गुडघे, पोराची संगत आणि हातातला पैसा.

आम्हाला इथेच थोडे थांबायचे आहे. आपल्याकडे फौजीची बायको काही बोलू लागली, की लोक तिला गप्प बसवतात. म्हणतात, "वीरपत्नी व्हायला काळीज लागतं." दाखला देतात तो स्वाती महाडिक यांचा. कर्नल संतोष महाडिक हे सातारा जिल्ह्यातले. २०१५ च्या नोव्हेंबर महिन्यात काश्मीरमध्ये कुपवाड्याकडे अतिरेक्यांशी लढताना ते शहीद झाले. पदरी दोन मुले असताना स्वातीताईंनी फौजेत जायचे ठरवले, कडक शिक्षण पुरे केले आणि २०१७ साली त्या स्वतः अधिकारी झाल्या. ही मोठीच गोष्ट आहे. पण ती वाट त्यांनी स्वतः निवडली. त्यांचे नाव घेऊन दुसऱ्या बाईच्या तोंडाला कुलूप घालायचे, हे काही बरे नव्हे. जी बाई बोलते ती भित्री असते, असे कोणी सांगितले?

आता नाईकाने काय केले ते सांगतो.

पैशाचे आणि कागदाचे काम सगळ्यात सोपे होते, आणि तेच सोळा वर्षे राहिले होते. त्याने बँकेत दोघांच्या नावाने खाते उघडले. सासरे दोन दिवस फुगून बसले. मग नातवानेच त्यांना समजावले.

कागदाचे मात्र सगळ्या बायांनी नीट ऐकावे. फौजीचे लग्न झाले, मूल झाले, की त्याची नोंद पलटणीच्या दफ्तरात करावी लागते. तिला 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात. तुमच्या नवऱ्याला हा शब्द बरोबर ठाऊक असतो. ही नोंद पुढे रेकॉर्ड ऑफिसात जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला आहे. उद्या बरेवाईट झाले, तर सरकार आधी हा कागद बघते. लढाईत कामी आलेल्या जवानाच्या पत्नीला त्याच्या शेवटच्या पगाराइतके कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. पण पत्नी कोण, हे कागदाने सांगावे लागते.

आणि आपल्याकडे एक मोठी गोम आहे. लग्नात मुलीचे नाव बदलतात. मग आधार कार्डावर माहेरचे नाव, रेशन कार्डावर सासरचे, पलटणीच्या दफ्तरात तिसरेच. एकीला तीन नावे! अशा बायांना वर्षवर्ष खेटे घालावे लागतात. तेव्हा नवरा सुट्टीवर आला, की सगळे कागद एका चटईवर मांडा. आपले नाव सगळीकडे एकच आहे का, ते स्वतः वाचून बघा. आता तुम्हाला वाचता येते. काही अडले, तर जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. तिथे जाऊन विचारावे. त्याला पैसे पडत नाहीत.

नाईकाच्या बायकोने असे कागद मांडले, तेव्हा तिच्या धाकट्या मुलीची नोंदच नव्हती. मुलगी सहा वर्षांची! नाईक म्हणाला, "राहून गेलं." ती म्हणाली, "असंच सगळं राहून जातं."

पाण्याची तोड भावकीत निघाली. चुलत भावाला उसात वाटा दिला आणि रात्रीचे पाणी त्याच्याकडे गेले. उत्पन्न थोडे घटले. पण बाईची रात्र सुटली.

म्हातारीचे काय, याला मात्र तोड निघेना. नाईक म्हणाला, "पुढची बदली शांत ठिकाणी होईल. क्वार्टर मिळेल. तुम्ही सगळे चला." क्वार्टर मिळते हे खरे, पण नंबर लागावा लागतो आणि ती मुदतीपुरतीच मिळते. आणि ती म्हणाली, "आत्या गाव सोडतील का? आणि पोराची ऐन दहावीला शाळा मोडू? मराठीतून शिकलेला पोरगा, तिकडे हिंदीतून पेपर लिहील?" यावर नाईकाकडे उत्तर नव्हते.

आता त्याचीही बाजू ऐकली पाहिजे. लोक समजतात, की फौजी पगारासाठी राहतो. पगार आहेच. पेन्शन शेवटच्या पगाराच्या साधारण निम्मी असते. म्हणून हवालदार होऊन आलेल्याची पेन्शन जास्त बसते, आणि ती जन्मभर बसते. पण एवढेच नाही. सोळा वर्षे ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवला, ज्यांच्या जिवावर बर्फात झोपला, ती माणसे तिथे आहेत. तिथे त्याला काम येते, त्याचे नाव आहे. गावात आला, की तो कोणाचा तरी मुलगा आणि कोणाचा तरी भाऊ. पलटणीत तो नाईक. ही गोष्ट पुरुष सहसा बोलून दाखवत नाहीत. या नाईकाने ती बायकोला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. तिने ऐकून घेतली.

आणखी एक गोष्ट आहे, ती आम्ही गावोगाव पाहतो. माणूस पेन्शन घेऊन घरी येतो. दोन महिने सत्कार होतात, जेवणे होतात. मग तो म्हणतो, "नुसतं बसून काय करू?" आणि पुण्याला किंवा मुंबईला पहाऱ्याच्या नोकरीवर निघून जातो. बारा तासांची पाळी, सुट्टी नाही. पलटणीत वर्षाला साठ दिवस मोठी सुट्टी आणि तीस दिवस किरकोळ सुट्टी तरी असे. इथे तीही गेली. म्हणजे फौज सुटली, पण नवरा काही घरी आला नाही. म्हणून "घरी या" म्हणताना बाईने विचारावे, "आलात तर घरी राहणार का?" नाईकाच्या बायकोने हे नेमके विचारले. तिच्या बहिणीच्या घरी तसेच झालेले होते.

शेवटी दोघांचे ठरले ते असे. आणखी दोन वर्षे नोकरी करायची. तेवढ्यात हवालदारी मिळाली तर पुन्हा बसून बोलायचे, नाही मिळाली तर पेन्शनीचा अर्ज टाकायचा. मोठी सुट्टी एकदम न घेता दोन तुकड्यांत मागायची. त्यातला एक तुकडा मुलाच्या परीक्षेआधी. नणंद दर महिन्याला आठ दिवस येऊन आईला सांभाळणार, आणि तिच्या येण्याजाण्याचा खर्च या खात्यातून द्यायचा. पेन्शनीवर आल्यावर पुण्याला जायचे नाही. तालुक्याच्या आत काय मिळेल ते बघायचे.

ती खुशीने हो म्हणाली का? नाही. तिने आम्हाला सरळ सांगितले, "मनातून मला ते आत्ताच घरी हवे होते. पण आता निदान मला मोजता येतं, किती दिवस ते."

त्या जोडप्याची गोष्ट जुन्या भरतीची झाली. ज्यांच्या घरी आता लग्नाची मुलगी आहे, त्यांच्यासाठी हिशेब निराळा आहे. २०२२ साली सरकारने अग्निपथ योजना आणली. त्या वर्षापासून शिपायाची भरती 'अग्निवीर' म्हणून होते. नोकरी चार वर्षांची. भरती होणारा मुलगा बिनलग्नाचा लागतो आणि त्या चार वर्षांत त्याला लग्न करता येत नाही. चार वर्षांनंतर शंभरातल्या पंचवीस जणांपर्यंत कायम घेणार, असे योजनेत म्हटले होते. बाकीचे घरी येणार. येताना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये एकरकमी मिळतात. त्यातला अर्धा भाग त्याच्याच पगारातून कापून साठवलेला असतो. पेन्शन नाही. वर्षाची सुट्टी तीस दिवसांची.

तेव्हा सोयरीक जमवताना "मुलगा मिलिटरीत आहे" एवढ्यावर मान डोलावू नका. तो कोणत्या साली भरती झाला ते विचारा. अग्निवीर असेल तर मुलगी चार वर्षे थांबायला तयार आहे का, हे मुलीला विचारा, आणि तेही चार पाहुण्यांसमोर नको, घरी निवांत विचारा. घाईने गुपचूप लग्न लावून देऊ नका. त्याने मुलाची नोकरी जाते. आणि कायम घेतले नाही, तर ते पैसे घेऊन तू काय करणार, हे मुलालाच विचारा. त्याच्या बापाला नको. बापाचे उत्तर तयार असते. तो म्हणतो, "ट्रॅक्टर घेणार." मुलाने काय ठरवले आहे, ते मुलाच्या तोंडून येऊ द्या, आणि ते बोलणे चालू असताना मुलीला पोह्यांच्या बश्या घेऊन आत पाठवू नका.