नाव एक, व्याजाच्या रीती दोन

मृग लागायच्या सुमारास यवतमाळ, दारव्हा, वणी, पुसद, कुठेही जा. कृषि केंद्रापुढे बियाण्याच्या थैल्या उतरत असतात आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून नोटांबरोबर एखादे कार्डही बाहेर येते. शेतकऱ्याजवळ असते ते किसान क्रेडिट कार्ड. ते 1998-99 साली निघाले. गुरुजींच्या पाकिटात खरेदीचे क्रेडिट कार्ड असते. नाव जवळजवळ एकच. पण व्याजाची रीत अगदी निराळी. आणि पुष्कळ घरांत आता दोन्ही कार्डे आहेत, म्हणून हे बोलायचे.

खरेदीच्या कार्डावर माल घेतला आणि बिल मुदतीत पुरते भरले, तर व्याज काहीच नाही. महिना-दीड महिना पैसा फुकट वापरायला मिळतो. पण बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून एक लहानसा आकडा छापलेला असतो. तेवढाच भरला की सवलत गेली. मग खरेदीच्या दिवसापासून व्याज, आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून. रोख काढली तर एक दिवसही फुकट नाही. समजा, 10,000 रुपये काढले नि 60 दिवसांनी फेडले. दर महिना साडेतीन टक्के धरा, असे दर सर्रास आहेत. व्याज 700, रोख काढण्याची फी 500 धरली, त्या दोहोंवर 18 टक्के जी.एस.टी. 216. झाले 1,416 रुपये! गावचा सावकार शेकडा तीन म्हणाला तर आपण त्याच्या नावाने बोटे मोडतो. इथे मात्र मुकाट्याने सही करतो.

तेच 10,000 किसान कार्डावर सात टक्क्यांनी उचलले तर 60 दिवसांचे व्याज 115 रुपये. इथे रोख आणि माल हा भेद नाही. जितके उचलाल तितक्यावर, तितक्याच दिवसांचे व्याज. म्हणून मंजूर लाख रुपये 1 जूनला एकदम आणून पेटीत ठेवू नका. 40,000 पेरणीला, 30,000 जुलैच्या मध्यात खताला नि निंदणाला, 30,000 सप्टेंबरच्या आरंभी फवारणीला, असे उचलले तर सुमारे 780 रुपये व्याज कमी चढते. बरं, या कार्डाची मर्यादा ठरवतानाच घरखर्चासाठी थोडी रक्कम धरलेली असते. तेव्हा दवाखान्याला रोख लागली तर आधी हे कार्ड, दुसरे नव्हे.

आता खरी मेख फेडीच्या तारखेत आहे. 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला केंद्र सरकार 3 टक्के सूट देते, दर चारवर येतो. 2021-22 पासून डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत उरलेला भार राज्य उचलते. तारीख हुकली की या दोन्ही सवलती जातात. लाखावर वर्षाचे 7,000 रुपये अंगावर पडतात, आणि पुढे बँकेचा नेहमीचा चढा दर लागतो.

आपल्याकडे भाव चढेल म्हणून कापूस घरात ठेवतात. ठेवू नये असे मी म्हणत नाही. पण 20 क्विंटल कापूस ठेवून तारीख चुकवली, तर क्विंटलमागे 350 रुपये चढले तरी ते नुसत्या व्याजातच गेले. सोयाबीन आणि तूर असेल तर वेगळी वाट आहे. काही बाजार समित्या शेतमाल तारण योजनेत माल गोदामात ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्क्यांनी देतात. त्या पैशांतून पीककर्ज वेळेत भरता येते, नि मालही हातचा जात नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील पासबुक घेऊन आले होते. कापसाचा चुकारा, 80,000 रुपये, बचत खात्यात पडून होता. बँकेत गेला म्हणजे कर्जात वळता झाला, असे त्यांनी धरले होते. कर्जाची तारीख टळून नऊ दिवस झाले होते. चुकारा जमा झाला की त्याच दिवशी खिडकीवर विचारा, तो कोणत्या खात्यात पडला. आणि फेडीची तारीख पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.