मानेत चढणारा वारा

बसलेला माणूस झटकन उठला की कधी क्षणभर चक्कर येते. आपण भिंतीला हात टेकतो आणि कामाला लागतो. कंबोडियातून अमेरिकेत आलेल्या अनेक निर्वासितांना मात्र त्या क्षणी वाटतं, की हातापायांतून फिरणारा वारा अडला, रक्तासह वर चढला, आता मानेच्या शिरा फुटणार. त्यांच्या ख्मेर भाषेत या वाऱ्याला ‘ख्यॉल’ म्हणतात. या धास्तीनं छाती धडधडते, धडधडीनं चक्कर वाढते आणि त्या चक्करेतून ख्मेर रूज या गटाच्या कंबोडियातल्या राजवटीत, १९७५ ते १९७९ या काळात, उपाशीपोटी शेतात राबताना आलेली चक्कर आठवते. मागोमाग तिथले मृत्यू. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचमधल्या ४९० कंबोडियन निर्वासितांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. देश सुटून दोन दशकं लोटली होती, तरी ६२ टक्के लोकांमध्ये आघातानंतरच्या मानसिक विकाराची लक्षणं आढळली.

मेंदू सगळ्यांचा सारखाच, मग उपचारात संस्कृती कशाला, असं विचारलं जातं. धडधड सारखीच असते, हे मला मान्य आहे. पण तिचा अर्थ ज्याचा त्याचा असतो, आणि या आजारात भीती पोसते ती त्या अर्थावरच. म्हणून रुग्णाची समजूत बाजूला ठेवली, तर आजाराचा एक दुवाच उपचारातून निसटतो. मॅसॅच्युसेट्समध्ये काम करणाऱ्या डेव्हन हिंटन या मानसोपचारतज्ज्ञानं नेमका तोच दुवा धरला. रुग्णांशी ख्मेरमध्ये बोलून तो मानेबद्दल, चक्करेबद्दल विचारू लागला. शरीर सैल सोडायला शिकवताना त्यानं देठावर वाऱ्यासोबत डोलणारं कमळ डोळ्यांपुढे आणायला सांगितलं. ताठ झालेल्या मानेला याहून जवळची प्रतिमा कोणती असेल? औषधं आणि समुपदेशन घेऊनही बरे न झालेल्या ४० जणांवर ही बारा सत्रांची पद्धत आजमावली गेली, तेव्हा त्यांना ठळक उतार पडला. चाळीस ही संख्या लहान आहे आणि तुलना उपचारासाठी थांबलेल्यांशीच होती. तरीही इतकं जुनं दुखणं हललं, याला मी मोल देतो.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: अशानं प्रत्येक कंबोडियन माणसावर ‘ख्यॉल’चा शिक्का बसेल. तो धोका खराच आहे, कारण पुस्तकात वाचलेली संस्कृती समोरच्या माणसावर लादणं सोपं असतं. त्यावर उपाय एकच, विचारणं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ च्या निदानपुस्तिकेत सोळा प्रश्नांची मुलाखत दिली आहे. तुम्ही या त्रासाला काय म्हणता, तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, हे ती रुग्णालाच विचारते. पण विचारायला दोघांची भाषा जुळावी लागते. दुभाष्याचा खर्च वाचवण्यासाठी कुटुंबातल्या इंग्रजी येणाऱ्या मुलाला मध्ये बसवलं, तर त्या राजवटीत सोसलेलं आई त्याच्यासमोर उच्चारणार नाही. डोकं दुखतं, एवढंच ती सांगेल. मुलगा तेवढंच इंग्रजीत सांगेल आणि केसपेपरवर डोकेदुखी लिहिली जाईल.