एका टनाला किती?

मी आवडीहून बोलतोय. गावाचं नाव ऐकून आपली माणसं हसतात, 'आवडली का आवडी?' म्हणतात. चेन्नईच्या पश्चिमेला असलेलं हे गाव रणगाड्यांचं. इथली हेवी व्हेइकल्स फॅक्टरी १९६१ सालची. भारतात तयार झालेला पहिला 'विजयंता' रणगाडा १९६५ मध्ये इथूनच बाहेर पडला. मी सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या-यंत्रांच्या दुरुस्तीच्या शाखेत होतो. निवृत्तीनंतर इथंच राहिलो. मूळचा मात्र बेळगावचा.

आजचा विषय कारखान्यांतली ऊर्जाबचत. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

तरुण अधिकारी असताना प्रत्येक गाडीचं केपीएल, म्हणजे लिटरला किती किलोमीटर, वहीत लिहावं लागे. एका महिन्यात मागचेच आकडे उतरवले गेले आणि मी न बघता सही केली. वरिष्ठांनी एक ट्रक टाकी काठोकाठ भरून चालवून पाहिला. तो वहीपेक्षा कितीतरी जास्त डिझेल पीत होता. नळी झिरपत होती. साहेबांनी विचारलं, "सही तुझीच ना?" ती वही मी अजून विसरलो नाही.

सरकारची योजना याच हिशेबावर उभी आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली २००२ मध्ये ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी स्थापन झाली. २०१२ पासून 'परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड', म्हणजे 'पॅट' योजना सुरू झाली. सिमेंट, पोलाद, खत, कागद, औष्णिक वीज असे आठ उद्योग आणि त्यातले ४७८ मोठे कारखाने निवडले. एक टन माल काढायला किती ऊर्जा लागते, हे मोजून प्रत्येकाला तीन वर्षांचं लक्ष्य दिलं. स्पर्धा शेजाऱ्याशी नाही, स्वतःच्या कालच्या आकड्याशी. लक्ष्यापेक्षा जास्त वाचवलं तर प्रमाणपत्र मिळतं, कमी पडलं तर ते विकत घ्यायचं. पहिल्या फेरीचं एकूण लक्ष्य होतं सुमारे ६७ लाख टन तेलाइतक्या ऊर्जेचं. बचत झाली सुमारे ८७ लाख टनांची.

आकडा चांगला आहे. पण लक्ष्यं सोपी ठेवली, तर प्रमाणपत्रं उदंड होतात आणि गिऱ्हाईक उरत नाही. आणि जो आधीपासून काटकसरीनं चालतो, त्याला पुढची बचत जड जाते. म्हणून पडताळणी कडक हवी. आता २०२३ च्या कार्बन क्रेडिट योजनेत ऊर्जेऐवजी टनामागचा कार्बन मोजायचा आहे. तिथंही वही खरी असेल तरच अर्थ.

आणि लहान भट्ट्यांचं काय? त्या 'पॅट'मध्ये येत नाहीत. माझ्या धाकट्या भावाची बेळगावात फाउंड्री आहे, कोकवर चालणारा कुपोला. मी विचारलं, "एका टन लोखंडाला कोक किती लागतो?"

तो म्हणाला, "दादा, वजन कोण करतंय? भट्टीवरचा गडी अंदाजानं टाकतोय की."

कोकचं बिल त्याला झोपू देत नव्हतं, कामगार कमी करायची भाषा सुरू झाली होती, आणि वजनकाटा मात्र कोपऱ्यात धूळ खात होता. दोन महिने प्रत्येक वितळणीला कोक तोलून टाकला. लोखंड तेच, पण काही दिवशी कोक बराच जास्त. कारण सापडलं. त्या दिवशी साचे वेळेवर तयार नसत, आणि भट्टी नुसतीच जळत राही. आधी साच्यांचं वेळापत्रक सुधारलं. त्याला खर्च शून्य. आता हवा दोन ओळींतून देणारा कुपोला बसवायचा विचार आहे. त्यात वरच्या ओळीची हवा वाया जाणारा वायू जाळते आणि कोक वाचतो. गडी सगळे कामावर आहेत.

बेळगाव, कोइमतूर, इंदूर इथल्या फाउंड्र्यांसाठी ब्युरोनं वेगळे प्रकल्प चालवले आहेत. आपल्या असोसिएशनमध्ये जाऊन चौकशी करा. पण त्याआधी, आजच, काटा पुसा आणि स्वतःला विचारा, एका टनाला किती? उत्तर आलं नाही, तर कुठलीही योजना तुमच्या कामाची नाही.

जय हिंद.