शहराची तिजोरी आणि आपली शेते



शहराची वेस आता आपल्या बांधाला येऊन भिडली आहे. 2021 साली पुणे महानगरपालिकेत एकदम 23 गावे घालण्यात आली. तेव्हा शहराचा पैसा येतो कोठून व जातो कोठे, हे कुणब्याने, कुंभाराने, सुताराने समजून घेतलेच पाहिजे. सावकाराच्या वहीत आपले वाडवडील फसले. आपण नकाशात फसू नये.

पूर्वी नाक्यावर जकात असे. नगरपालिकांची जकात 1999 साली उठली. मुंबईची 1 जुलै 2017 रोजी, वस्तू व सेवा कर आला तेव्हा. जकातीच्या बदल्यात राज्य सरकार महानगरपालिकांना भरपाई देऊ लागले. राज्याच्या तिजोरीत भर कोण घालतो? साबणाची वडी विकत घेणारी मजूर बाईही घालते. याशिवाय घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवान्याचे शुल्क, सरकारी अनुदान व कर्ज. पुण्याने 2017 साली पाण्याच्या कामासाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले. कर्ज फिटावयाचे ते शेवटी रयतेच्याच पैशातून.

आता जमिनीकडे वळू. रस्ता, बाग, शाळा यांसाठी विकास आराखड्यात शेतावर आरक्षण पडते. रोख रक्कम नसली की मोबदला म्हणून टीडीआर देऊ करतात. हा जादा बांधकामाचा हक्क होय. तो बांधकामवाल्यास विकता येतो. पण भाव ठाऊक नसेल तर मलई दलालाची आणि ताक आपले! आणखी ध्यानात ठेवा: 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 127 प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकाला नोटीस देता येते, पुढे 24 महिन्यांत संपादनाचे पाऊल न पडल्यास आरक्षण सुटते. पण नोटीस दिलीच नाही, तर कोण सोडवणार?

महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. 1880 साली व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी 1000 रुपये खर्चण्याचा ठराव आला. तो पैसा शिक्षणास लावा, म्हणून त्यांनी एकट्याने विरोध केला. सार्वजनिक पैशाचा जाब विचारणे हा आपला वारसाच नव्हे काय?

म्हणून अंदाजपत्रक मागा व चावडीवर वाचवून घ्या. आराखडा प्रसिद्ध होताच आपला गट नंबर शोधा. मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते, कागद राहतो. घरात शिकलेली मुलगी असेल, तर हे काम तिच्याच हाती द्या.