एका मुलीचा मृत्यू आणि बारा हुकलेल्या संधी

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला ‘बालकांचे संरक्षण’ हा विषय दिला. आम्ही कायदेपंडित नाही की समाजकार्याची पदवी घेतलेले नाही. कला शाखेचे पदवीधर आणि पोटासाठी बँकेच्या काउंटरवर बसणारे कारकून, एवढीच आमची ओळख. तरीही हा विषय एका बाजूने आमच्या कामाला जवळचा आहे. घरात छळ होऊन एखादे मूल मरते, तेव्हा पुष्कळदा त्याच्या नावाची फाईल कुठल्यातरी कार्यालयाच्या कपाटात आधीच पडलेली असते. तिच्यात नोंदी असतात, सह्या असतात, शेरे असतात. फाईल नीट असते आणि मूल मेलेले असते. हे कसे घडते, याचा आज आपण थोडा विचार करू.

एवढ्या मोठ्या विषयाला हात घालताना आम्ही एकाच मुलीपुरते बोलणार आहोत. ती आपल्या देशातली नाही, लंडनमध्ये मेलेली आहे. इतक्या दूरची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल. कारण साधे आहे. तिच्या मृत्यूनंतर तिथल्या सरकारने लॉर्ड लॅमिंग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. डॉक्टर, पोलीस, समाजसेवा खात्याचे कर्मचारी, त्यांचे साहेब, सगळ्यांना उघड्यावर बसवून दिवसवार विचारले आणि जानेवारी २००३ मध्ये अहवाल छापून लोकांपुढे ठेवला. आपल्याकडे मारहाणीत मेलेल्या एखाद्या मुलाचा इतका बारीक हिशेब आम्हाला तरी वाचायला मिळालेला नाही.

मुलीचे नाव व्हिक्टोरिया क्लिंबिए. जन्म २ नोव्हेंबर १९९१, आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट देशात, आबिदजान शहराजवळ. सात भावंडांतली पाचवी. वडिलांच्या नात्यातली, आजी लागणारी मारी-तेरेझ कुआओ नावाची बाई युरोपात राहत असे. १९९८ साली ती गावी आली आणि म्हणाली, पोरीला माझ्याबरोबर द्या, चांगल्या शाळेत शिकवते. आईबापांनी विश्वासाने पाठवली. मित्रांनो, यात आपल्याला काही नवल वाटू नये. शिक्षणासाठी मूल मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाकडे ठेवणे ही आपल्यातही घरोघरची रीत आहे, आणि त्यातून कित्येकांचे कल्याणही झाले आहे. ते आईबाप निष्काळजी होते असे म्हणणाऱ्याने आधी आपल्या घरात पाहावे.

आधी फ्रान्स. तिथल्या शाळेने गैरहजेरीबद्दल इशारे दिले आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये मूल धोक्यात असल्याचे कळवलेसुद्धा. म्हणजे पहिली धोक्याची घंटा एका शाळेने वाजवली, हे विसरू नये. एप्रिलमध्ये कुआओ मुलीला घेऊन लंडनला आली. पासपोर्ट दुसऱ्याच मुलीचा, ‘ॲना’ नावाचा. फोटोशी चेहरा जुळावा म्हणून पोरीच्या डोक्यावर टोप चढवला होता. तेव्हापासून लंडनच्या सर्व कागदांवर ती ॲनाच राहिली. व्हिक्टोरिया नावाची मुलगी त्या शहरात आहे हे एकाही कार्यालयाला ठाऊक नव्हते. आम्ही बँकेत खाते उघडताना ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, सगळे मागतो आणि लोक आमच्यावर चिडतात. इथे दहा महिन्यांत कुणीही या दोघींचे नाते पडताळून पाहिले नाही.

निवारा आणि पैसे मागण्यासाठी कुआओ ईलिंग भागातल्या कार्यालयात चौदा वेळा गेली. काही वेळा मुलगी सोबत असे. बाई नीटनेटकी, मुलगी मात्र कळकट. कर्मचाऱ्यांना ते दिसले. पण अर्ज घराचा होता, म्हणून प्रकरण घराच्या खात्यात गेले. शाळेच्या वयाची मुलगी भर दिवसा सरकारी कार्यालयात काय करते, हा प्रश्न कुणाच्याच फॉर्मवर नव्हता. इंग्लंडमध्ये ती एक दिवसही शाळेत गेली नाही.

जूनमध्ये नात्यातल्या एका बाईने ब्रेंट भागाच्या समाजसेवा खात्याला फोन करून मुलीच्या अंगावरच्या खुणा सांगितल्या. काही दिवसांनी पुन्हा फोन केला. तो निरोप तीन आठवड्यांच्या आसपास टेबलांवर फिरत राहिला. कर्मचारी पत्त्यावर पोहोचले तेव्हा कुआओ मुलीसह कार्ल मॅनिंग नावाच्या बसड्रायव्हरच्या टॉटनहॅममधल्या घरी राहायला गेली होती.

जुलैच्या मध्याला मुले सांभाळणाऱ्या एका बाईच्या मुलीने व्हिक्टोरियाला रुग्णालयात नेले. तिथल्या पहिल्या डॉक्टरांना जखमा मुद्दाम केलेल्या वाटल्या. पोलिसांनी मुलीला संरक्षणात घेतले. इथेच ती वाचायची. पण वरिष्ठ डॉक्टरांनी निदान केले की ही खरूज आहे, खाजवून झालेल्या खुणा आहेत. संरक्षणाचा प्रश्न नाही असे कळवले गेले आणि दुसऱ्या दिवशी मुलगी परत त्याच घरी गेली. खरूज असेलही. पण खरूज झालेल्या मुलाला कुणी मारत नाही असे थोडेच आहे? एक नाव सापडले की माणूस दुसरे शोधत नाही, हा आमच्या मते सगळ्याच कचेऱ्यांचा रोग आहे.

दहाच दिवसांत ती दुसऱ्या रुग्णालयात आली, डोके आणि चेहरा भाजलेला. कुआओ म्हणाली, खाज थांबावी म्हणून पोरीनेच गरम पाणी ओतून घेतले. तेरा रात्री ती तिथे होती. त्या दिवसांचे वर्णन वाचताना गळा दाटतो. मिळालेले कपडे घालून ती वॉर्डात गिरक्या घेई, परिचारिकांना तिचा लळा लागला होता. आणि कुआओ भेटायला आली की तीच मुलगी ताठ उभी राही, कपड्यांतच लघवी होई. अंघोळ घालताना पट्ट्याच्या बकलासारख्या खुणा दिसल्या. दिसल्या, पण त्यांतले बरेचसे कागदावर उतरले नाही. ६ ऑगस्ट १९९९ ला तिला घरी सोडले.

त्या ताठ उभे राहण्याबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत. प्रकरण ज्यांच्याकडे होते त्या कर्मचाऱ्याने असा समज करून घेतला की आफ्रिकी-कॅरिबियन घरांत वडीलधाऱ्यांचा असा धाक आणि आदर असतोच. ‘त्यांच्यात असेच असते.’ हे वाक्य आपण ओळखतो, बंधूंनो. आपल्या वस्तीबद्दल, आपल्या मुलांबद्दल ते आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. लक्षात घ्या, तिथे हे म्हणणारे सगळे गोरे नव्हते. आणि आपणही शेजारच्या झोपडीबद्दल, पारध्यांच्या पालाबद्दल, बाहेरून आलेल्या मजुरांबद्दल हे वाक्य किती सहज उच्चारतो! सात वर्षांचे मूल आईसमान बाईला पाहून लघवी करते, तेव्हा ते भीतीने करते. त्यात संस्कृती कुठे आली?

पुढे सहा महिने. हॅरिंगे भागाची कर्मचारी मुलीला एकूण चार वेळा भेटली. चारही भेटींचा वेळ मिळून अर्धा तासही भरला नाही. घरभेट दोनदा झाली, दोन्ही वेळा आधी कळवून. पहिल्या भेटीत घर स्वच्छ, मुलगी स्वच्छ, जमिनीवर बाहुलीशी खेळत बसलेली. तपासाची जबाबदारी असलेल्या पोलीस बाई तर घरी गेल्याच नाहीत, खरूज लागेल म्हणून. दुसरी भेट २८ ऑक्टोबरची. त्या सुमारास मुलगी रात्री न्हाणीघरातल्या टबात झोपत होती. नंतर तिला प्लास्टिकच्या काळ्या पिशवीत, हात बांधून, थंडीत, तिथेच ठेवत. बैठकीच्या खोलीत घराच्या अर्जाविषयी बोलणे चालले होते आणि न्हाणीघर त्याच घरात होते. पुढे दोन-तीनदा दार वाजवले, कुणी उघडले नाही, म्हणून मंडळी फ्रान्सला परत गेली असावीत असे गृहीत धरले गेले.

या काळात कुआओ तिला प्रार्थनेच्या ठिकाणी नेत असे. तिथल्या धर्मगुरूंना तिच्यात दुष्ट शक्ती दिसली. लंडनसारखे शहर, विसावे शतक सरत आलेले, आणि उपाशी मुलीला भूतबाधा! आपल्या महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तो का करावा लागला हे तरुणांनी यावरून समजून घ्यावे. बाहेरची बाधा म्हटले की घरातला हात झाकला जातो.

२५ फेब्रुवारी २००० रोजी व्हिक्टोरिया मेली. वय आठ वर्षे. शवविच्छेदनात १२८ वेगवेगळ्या जखमा आणि खुणा मोजल्या गेल्या. त्याच दिवशी हॅरिंगेच्या कार्यालयाने तिचे प्रकरण रीतसर बंद केले. तिच्या मृत्यूमुळे नव्हे. मृत्यूची बातमी त्या फाईलपर्यंत पोहोचलीच नव्हती. जानेवारी २००१ मध्ये कुआओ आणि मॅनिंग यांना जन्मठेप झाली.

लॅमिंग यांनी हिशेब मांडला. चार समाजसेवा खाती, घरांची कार्यालये, दोन पोलीस पथके, दोन रुग्णालये, शिवाय बालकांसाठी काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेचे केंद्र. बारा वेळा तिला वाचवता आले असते, आणि त्यांतल्या एकाही वेळी फार मोठे कौशल्य लागणार नव्हते. त्यांचा राग सर्वांत जास्त वरच्या साहेबांवर होता, आणि हे आम्हाला पटते. त्या कर्मचाऱ्याकडे बाराऐवजी एकोणीस प्रकरणे दिलेली. तिच्यावरच्या अधिकाऱ्याने फाईल वाचलेली नाही. चौकशीत साहेब म्हणतात, आमच्यापर्यंत आलेच नाही. खालच्या खुर्चीवरच्याचे चुकले यात शंका नाही, तो सुटावा असे आम्ही म्हणत नाही. पण वाचल्याशिवाय सही करणाऱ्याचे काय? आमच्याकडे संध्याकाळी रोख जुळल्याशिवाय कॅशियर उठत नाही, आणि वरच्याची सही पडल्याशिवाय तिजोरी बंद होत नाही. शंभराची एक नोट कमी पडली तर सगळी शाखा शोधत बसते. मुलीच्या अंगावरची खूण जुळते की नाही, हे पाहण्यासाठी कुणी थांबले नाही.

अहवालाने १०८ शिफारशी केल्या. २००४ साली तिथे नवा बालक कायदा झाला, खात्यांनी एकमेकांना सहकार्य करण्याचे बंधन आले. तेवढ्याने भागले का? नाही. २००७ साली त्याच हॅरिंगेमध्ये पीटर कॉनेली नावाचे सतरा महिन्यांचे बाळ मेले, साठेक भेटी झालेल्या असताना. २०२३ मध्ये वोकिंग गावी दहा वर्षांची सारा शरीफ मेली. शाळेने मार्चमध्ये तिच्या अंगावरच्या खुणा कळवल्या होत्या, काही दिवसांत प्रकरण बंद झाले. एप्रिलमध्ये घरीच शिकवतो म्हणून बापाने तिला शाळेतून काढले. ऑगस्टमध्ये ती मेलेली आढळली. कायदे वाढले, पण बंद दारामागच्या मुलाला एकटे गाठून बोलणे अजूनही राहून जाते.

आपल्याकडे तरी काय आहे? पुष्कळ आहे, कागदावर. २०१५ चा बाल न्याय कायदा आहे, त्यात सांभाळणाऱ्याने मुलाला क्रूरपणे वागवणे हा गुन्हा आहे. जिल्ह्यात बालकल्याण समिती आहे. लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ चा पोक्सो कायदा आहे, आणि माहीत असून न कळवणाराही त्यात दोषी ठरतो. १०९८ हा क्रमांक १९९६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाला. २०२३ पासून तो सरकार स्वतः चालवते. पण ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात चार वर्षांच्या मुलींची तक्रार नोंदवून घ्यायला आईबापांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले, हेही आपण पाहिले. केंद्र सरकारने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांना विचारून एक अभ्यास छापला. तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचे सांगितले, आणि घरात मारणाऱ्यांत बहुसंख्य आईबापच होते. आपल्याला तो आकडा विशेष वाटत नाही, कारण आपल्या मते मारल्याशिवाय मूल सुधारत नाही. मारणे आणि छळणे यांतली सीमा कुठे, हे त्या मुलाशिवाय कोण सांगणार?

शेवटी मंडळापुढे एक छोटी सूचना ठेवतो. आपल्या अभ्यासिकेत संध्याकाळी साठ-सत्तर मुले येतात. काही गावाकडून मामा-काकांकडे शिकायला आलेली आहेत. हजेरी आपण घेतोच. त्याच वहीत आणखी चार रकाने आखावेत. मूल सलग चार दिवस आले नाही तर घरी कोण गेले आणि कोणत्या तारखेला, हा पहिला. मूल प्रत्यक्ष दिसले का, की घरच्यांनी सांगितले तेवढेच ऐकून आलो, हा दुसरा. मुलाशी एकट्याने कोण बोलले आणि ते काय म्हणाले, त्याच्याच शब्दांत, हा तिसरा. संशय आला तर १०९८ ला किंवा समितीला कुणी, किती वाजता कळवले, हा चौथा. मुलींशी बोलायला महिला मंडळातल्या दोघीजणी असाव्यात. आणि दर रविवारी अध्यक्षांनी ती वही वाचून मगच सही करावी. वह्या आम्ही आणून देतो, रकानेही आखून देतो. पहिल्या महिन्याची हजेरी घ्यायला कोण बसणार, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर नावे द्यावीत.