वसईच्या घंटा

बुलढाणा जिल्ह्यांतील अमडापूरचा मी एक सेवानिवृत्त शिक्षक. एकदां शाळेच्या मुलांस घेऊन मी नाशिकास गेलों होतों. गोदेच्या कांठीं नारोशंकराच्या देवळापुढें एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावरील आंकडा वाचून एका चौकस मुलानें विचारलें, "गुरुजी, देऊळ १७४७ सालचें, मग घंटा सव्वीस वर्षें आधींची कशी? आणि महादेवाच्या घंटेवर इसवी सन कशाला?" त्या वेळीं मला उत्तर देतां आलें नाहीं. त्या उत्तराच्या शोधांत मी पुढें वसईस जाऊन आलों. आजचें भाषण त्याच शोधासंबंधीं आहे.

सन १५३४ मध्यें गुजरातच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. पुढील दोनशें वर्षांत तेथील किल्ल्यांत फ्रान्सिस्कन, जेसुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन या पंथांनीं एकामागून एक चर्चें उभारलीं. सेंट जोसेफचें चर्च त्यांत मुख्य. याच वसईंत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ सालीं जपानांत नागासाकी येथें क्रूसावर मरण पावला व १८६२ सालीं संतपदास पोंचला. या वैभवास दुसरी बाजूही आहे. त्याच अमलाखालीं हिंदूंचीं देवळें पाडलीं गेलीं व त्यांच्या सणाउत्सवांवर बंदी आली. तें दुःख लपविण्याचें कारण नाहीं.

सन १७३९ च्या मे महिन्यांत, हजारों माणसें खर्ची पडल्यावर, चिमाजी आप्पांनीं किल्ला घेतला. चर्चांतील घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलुखांत आल्या. नाशिकची घंटा त्यांपैकींच. भीमाशंकरास १७२९ सालची, तर वाईजवळ मेणवलीस १७०७ सालची घंटा आहे. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूस घेतलेली मेरीमाता कोरलेली आहे आणि ती घंटा कृष्णेच्या घाटावरील देवळापाशीं आहे. मुलाच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें.

परंतु मला चुटपुट लागली ती निराळीच. "चिमाजी आप्पांनीं वसई घेतली," हें वाक्य मीं तीस वर्षें वर्गांत शिकविलें आणि तेथें धडा संपविला. घंटा गेल्या, पण त्यांच्या नादावर प्रार्थनेस जमणारीं माणसें कोठें गेलीं, हें ना मीं कधीं सांगितलें, ना मला ठाऊक होतें.

तीं कोठेंच गेलीं नव्हतीं. पोर्तुगीज सरदार व युरोपीय पाद्री निघून गेले; शेती-बागायत करणारे ख्रिस्ती तेथेंच राहिले. मराठ्यांनीं त्यांस आपला धर्म पाळूं दिला आणि गोव्याच्या एतद्देशीय धर्मगुरूंनीं त्यांचा सांभाळ केला. किल्ल्यांतील चर्चांचीं छपरें गेलीं, कमानींवर पिंपळ उगवले. परंतु रमेदी, पापडी, सांडोर, नंदाखाल या गांवांतील चर्चें आजही गजबजलेलीं आहेत. १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हां मुख्य चर्चाचा मान किल्ल्यांतील भग्न मंदिरास नव्हे, तर किल्ल्याबाहेरील पापडीच्या चर्चास मिळाला.

या लोकांचा व्यवहार आपल्याच मराठींत चालतो. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं 'सुबोध बायबल' मराठींत सिद्ध केलें आणि २०२० सालीं उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें. २०२४ सालीं ते निवर्तले.

सेंट जोसेफच्या उघड्या गाभाऱ्यांत मी बराच वेळ उभा राहिलों. वर आकाश होतें आणि घंटेची जागा रिकामी होती. बाहेर पडतों तों जवळच्या गांवांतून दुपारच्या प्रार्थनेची घंटा ऐकूं आली.

श्रोतेहो, तो मुलगा आतां मोठा झाला असेल. तो ऐकत असेल, तर त्यास एवढेंच सांगावयाचें आहे: बाळा, तुझ्या प्रश्नानें माझा अपुरा धडा पुरा झाला. तुझ्या मुलांस वसईचा विजय जरूर सांग, अभिमानानें सांग. पण तो सांगून झाल्यावर पुस्तक मिटूं नकोस. पुढें त्या माणसांचें काय झालें, तेंही सांग.